याकोबस हेन्रिकस व्हान्ट हॉफ

याकोबस हेन्रिकस व्हान्ट हॉफ (३० ऑगस्ट १८५२, रॉटरडॅम, नेदरलँड्स - १ मार्च १९११, श्टेग्लिट्झ, बर्लिनजवळ, जर्मनी) हे डच रसायनशास्त्रज्ञ व भौतिकी रसायनशास्त्राच्या संस्थापकांपैकी एक होते. १९०१ साली रसायनशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. कार्बन अणूच्या चार बंधांची त्रिमितीय मांडणी, रासायनिक अभिक्रियांचा वेग, रासायनिक समतोल आणि द्रावणांचा तर्षण दाब (परासरण दाब) या चार विषयांत त्यांनी मूलभूत कार्य केले. अभिक्रिया कोणत्या कोटीची आहे हे कागदावरील समीकरणावरून न ठरवता प्रयोगात मोजलेल्या वेगावरून ठरवावे, ही आज सर्वमान्य असलेली पद्धत प्रथम त्यांनी सुसंगतपणे मांडली.

बालपण व शिक्षण

व्हान्ट हॉफ यांचे वडील रॉटरडॅम येथे वैद्यकीय व्यवसाय करीत. वडिलांचे व मुलाचे नाव एकच होते. आईचे नाव आलिडा याकोबा कोल्फ. सात भावंडांत याकोबस तिसरे. शाळेत असताना रविवारी ते शाळेच्या प्रयोगशाळेत चोरून शिरत व स्वतःच प्रयोग करीत, आणि एकदा पकडले गेल्यावर वडिलांनी घरीच प्रयोगांसाठी जागा करून दिली, अशी आठवण त्यांच्या चरित्रात सांगितली जाते.

केवळ रसायनशास्त्र शिकून पोट भरेल असे घरच्यांना वाटत नव्हते. म्हणून १८६९ साली त्यांनी डेल्फ्ट येथील तंत्रशिक्षण संस्थेत प्रवेश घेतला आणि तीन वर्षांचा अभ्यासक्रम दोन वर्षांत पूर्ण करून १८७१ मध्ये पदविका मिळवली. या काळात सुटीत त्यांनी एका साखर कारखान्यात काम केले. तेथील ठरावीक साच्याच्या कामाला ते कंटाळले व कारखानदारीऐवजी संशोधनाकडे जाण्याचा त्यांचा निश्चय पक्का झाला. पुढे एक वर्ष लायडन विद्यापीठात त्यांनी प्रामुख्याने गणिताचा अभ्यास केला. त्या वर्षाचे महत्त्व चरित्रकार फारसे सांगत नाहीत; पण त्यांचे पुढचे सर्व कार्य पाहता, कलन हाताशी असलेला रसायनशास्त्रज्ञ त्या काळी किती विरळा होता हे लक्षात घ्यायला हवे. १८७२ मध्ये ते बॉन येथे आउगुस्ट केकूले यांच्याकडे आणि नंतर पॅरिसला शार्ल-अदोल्फ व्युर्त्स यांच्या प्रयोगशाळेत गेले. तेथेच त्यांची झोझेफ आशिल ल बेल यांच्याशी ओळख झाली. डिसेंबर १८७४ मध्ये उत्रेख्त विद्यापीठात एडवार्ड मुल्डर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांना डॉक्टरेट मिळाली.

चतुष्फलकी कार्बन

डॉक्टरेटचा प्रबंध सायनोअ‍ॅसिटिक व मॅलोनिक आम्लांवर होता. त्यात वादग्रस्त असे काही नव्हते. मात्र त्याच्या तीन महिने आधी, सप्टेंबर १८७४ मध्ये, बावीस वर्षांच्या या विद्यार्थ्याने डच भाषेत एक छोटी पुस्तिका स्वखुशीने प्रसिद्ध केली होती. खरे धाडस तिच्यात होते. ध्रुवित प्रकाशाची पातळी काही सेंद्रिय संयुगे उजवीकडे व काही डावीकडे का वळवतात, हा पाश्चर यांच्या काळापासूनचा प्रश्न होता. योहानेस व्हिस्लिसेनुस यांचा लॅक्टिक आम्लावरील निबंध वाचत असताना मध्येच फिरायला गेलो आणि वाटेत कल्पना सुचली, अशी आठवण व्हान्ट हॉफ यांनी पुढे सांगितली. ती कल्पना अशी: कार्बनचे चार बंध एका पातळीत नसून चतुष्फलकाच्या चार कोपऱ्यांकडे रोखलेले असतात. चार बंधांना चार वेगवेगळे गट जोडलेले असतील, तर त्या रेणूची दोन रूपे संभवतात. उजवा व डावा हात जसे एकमेकांवर बसत नाहीत तशी ही रूपेही बसत नाहीत. अशा कार्बनला त्यांनी असममित कार्बन म्हटले. ल बेल यांनी त्याच वर्षी स्वतंत्रपणे व वेगळ्या मार्गाने जवळजवळ हाच निष्कर्ष काढला.

१८७५ मध्ये पुस्तिकेचा फ्रेंच विस्तार आणि १८७७ मध्ये व्हिस्लिसेनुस यांच्या प्रस्तावनेसह जर्मन भाषांतर प्रसिद्ध झाले. अ‍ॅलीन वर्गातील योग्य संयुगेही दोन प्रतिबिंबी रूपांत असली पाहिजेत, असे भाकीत त्यांनी केले होते. प्रयोगाने ते सिद्ध व्हायला १९३५ साल उजाडले.

या काळात व्हान्ट हॉफ यांना नोकरी नव्हती. खाजगी शिकवण्यांवर दिवस काढल्यानंतर १८७६ मध्ये उत्रेख्तच्या पशुवैद्यकीय विद्यालयात त्यांना जागा मिळाली. लाइपझिगचे प्रसिद्ध रसायनशास्त्रज्ञ हेर्मान कोल्बे यांनी नेमका हाच धागा पकडला. पशुवैद्यकीय शाळेतल्या या गृहस्थाला अचूक संशोधनात रस नसून, शाळेच्या तबेल्यातून उसन्या घेतलेल्या पंखांच्या घोड्यावर बसून तो अणूंची मांडणी पाहून आला आहे, अशा आशयाची जाहीर टर त्यांनी १८७७ मध्ये उडवली. टीकेने व्हान्ट हॉफ यांचे नुकसान न होता उलट पुस्तिकेकडे अनेकांचे लक्ष गेले. १८८४ मध्ये कोल्बे वारले तेव्हा लाइपझिगमधील त्यांच्या जागी आले ते व्हिस्लिसेनुस. आणि १८८७ मध्ये त्याच विद्यापीठाने व्हान्ट हॉफ यांनाही प्राध्यापकपद देऊ केले.

अ‍ॅमस्टरडॅम

१८७७ मध्ये व्हान्ट हॉफ अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठात व्याख्याते झाले व १८७८ मध्ये, सव्विसाव्या वर्षी, रसायनशास्त्र, खनिजविज्ञान व भूविज्ञान या तिन्ही विषयांचे प्राध्यापक. ऑक्टोबर १८७८ मधील पदग्रहणाच्या भाषणासाठी त्यांनी विज्ञानातील कल्पनाशक्ती हा विषय निवडला. सुमारे दोनशे शास्त्रज्ञांची चरित्रे वाचून, त्यांतील बऱ्याच मोठ्या संशोधकांना काव्य, संगीत, चित्रकला अशा एखाद्या कलेचे अंग होते असे त्यांनी दाखवले. कोल्बे यांचे नाव घेण्याची गरज श्रोत्यांना भासली नसावी. त्याच वर्षी योहाना फ्रान्सिना मेस यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना दोन मुली व दोन मुलगे झाले.

या विद्यापीठात ते अठरा वर्षे होते. अध्यापनाचा भार मोठा होता. त्यात वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना शिकवणे व परीक्षा घेणे यांत बराच वेळ जाई. तरी त्यांचे सर्वांत महत्त्वाचे कार्य याच काळातील आहे.

रासायनिक गतिकी

१८८४ साली अ‍ॅमस्टरडॅम येथून त्यांचा 'एत्यूद द दिनामिक शिमिक' (रासायनिक गतिकीचा अभ्यास) हा फ्रेंच ग्रंथ प्रसिद्ध झाला. अभिक्रिया किती वेगाने घडते याचा विचार त्यापूर्वीही झाला होता. १८५० मध्ये लुडविग व्हिल्हेल्मी यांनी आम्लाच्या सान्निध्यात उसाच्या साखरेचे विघटन ध्रुवणमापकाने मोजले आणि कोणत्याही क्षणी वेग हा शिल्लक साखरेच्या प्रमाणात असतो हे दाखवले. त्यांच्या निबंधाकडे तीस वर्षांहून अधिक काळ कोणी पाहिले नाही. इंग्लंडमध्ये हारकोर्ट व एसन यांनी १८६५-६६ च्या सुमारास, आणि नॉर्वेमध्ये गुल्डबर्ग व वागे यांनी १८६४ पासून वेग व संहती (द्रावणातील किंवा वायूतील पदार्थाचे एकक आकारमानातील प्रमाण) यांचा संबंध जोडला. पण एखादी नवी अभिक्रिया समोर आली तर तिचा वेग संहतीच्या कितव्या घाताच्या प्रमाणात आहे हे शोधायचे कसे, याची सर्वसाधारण रीत कोणी दिली नव्हती. ती या ग्रंथाने दिली.

प्रश्न वाटतो तितका सोपा नव्हता. तुल्य केलेले रासायनिक समीकरण कोणत्या पदार्थाचे किती रेणू नाहीसे होतात व कोणते किती तयार होतात एवढेच सांगते. ते रेणू एकाच वेळी एकत्र येतात की एकेकटे मोडतात, हे त्यात लिहिलेले नसते. एक रेणू स्वतःहून मोडत असेल तर वेग संहतीच्या पहिल्या घाताच्या प्रमाणात, दोन रेणूंची गाठ पडावी लागत असेल तर दुसऱ्या घाताच्या, व तिघांची पडावी लागत असेल तर तिसऱ्या घाताच्या प्रमाणात असावा. व्हान्ट हॉफ यांनी अभिक्रियांचे एकरेण्वीय, द्विरेण्वीय असे वर्ग याच पायावर पाडले. वेगाच्या सूत्रातील घातांकाला कोटी हे नाव पुढे व्हिल्हेल्म ऑस्टवाल्ट यांनी रूढ केले.

आर्सीनचे उदाहरण

ग्रंथातील आर्सीन वायूच्या (आर्सेनिक व हायड्रोजन यांचे संयुग) विघटनाची मोजणी पाहिली की पद्धत स्पष्ट होते. सुमारे ३१० अंश सेल्सिअसला बंद भांड्यात आर्सीन मोडते. आर्सेनिक घनरूपात बसते व हायड्रोजन वायू उरतो. आर्सीनच्या दोन रेणूंपासून हायड्रोजनचे तीन रेणू होत असल्यामुळे भांड्यातील दाब वाढत जातो, आणि दाब वाचला की किती आर्सीन उरले हे कळते. सुरुवातीचा दाब पाऱ्याच्या ७८४.८४ मिलिमीटर इतका होता. तो ३ तासांनी ८७८.५०, ५ तासांनी ९२८.०२, ७ तासांनी ९६९.०८ व ८ तासांनी ९८७.१९ मिलिमीटर झाला.

दाबातील वाढ दुप्पट करून सुरुवातीच्या दाबातून वजा केली की उरलेल्या आर्सीनचा दाब मिळतो: ३ तासांनी ५९७.५२, ५ तासांनी ४९८.४८, ७ तासांनी ४१६.३६ व ८ तासांनी ३८०.१४. आता अभिक्रिया पहिल्या कोटीची आहे असे धरून सुरुवातीचा दाब भागिले उरलेला दाब याचा नैसर्गिक लॉगरिदम काढावा व त्याला तासांनी भागावे. उत्तरे अनुक्रमे ०.०९०९, ०.०९०८, ०.०९०६ व ०.०९०६ येतात, म्हणजे वेग स्थिरांक खरोखरच स्थिर राहतो. दुसरी कोटी धरून, दाबांच्या व्यस्तांतील फरकाला वेळेने भागले, तर ३ तासांच्या आकड्यावरून सुमारे ०.०००१३३ आणि ८ तासांच्या आकड्यावरून सुमारे ०.०००१७० मिळतात. येथे तथाकथित स्थिरांक पाच तासांत चौथाईहून जास्त वाढला. म्हणून दुसरी कोटी बाद. समीकरणात आर्सीनचे दोन रेणू लिहिले असले तरी वेग पहिल्या घाताप्रमाणेच चालतो.

याच आकड्यांवर अर्धायुकालाचीही कसोटी लावता येते. पहिल्या कोटीच्या अभिक्रियेत पदार्थ निम्मा होण्यास लागणारा वेळ सुरुवातीच्या संहतीवर अवलंबून नसतो, तो ०.६९३ भागिले वेग स्थिरांक एवढा, म्हणजे येथे साधारण ७ तास ४० मिनिटे येतो. निम्मा दाब ३९२.४२ मिलिमीटर होतो आणि तो वरच्या सात व आठ तासांच्या नोंदींमध्येच पडतो. दुसऱ्या कोटीत सुरुवातीची संहती दुप्पट केली तर अर्धायुकाल निम्मा होतो. शून्य कोटीत तो उलट दुप्पट होतो.

दोन संहतींची तुलना

वरील रीतीत आधी कोटी गृहीत धरून मग ती तपासावी लागते. व्हान्ट हॉफ यांची दुसरी रीत थेट आहे व आज तीच त्यांच्या नावाने ओळखली जाते. एकाच अभिक्रियेचा वेग दोन वेगवेगळ्या संहतींना मोजावा. वेगांच्या गुणोत्तराचा लॉगरिदम भागिले संहतींच्या गुणोत्तराचा लॉगरिदम, हीच कोटी. समजा, संहती ०.२० असताना वेग ०.००८० आहे आणि संहती ०.१० असताना ०.००२०. संहतींचे गुणोत्तर २, वेगांचे ४. ४ चा लॉगरिदम २ च्या लॉगरिदमच्या दुप्पट असल्याने कोटी २. वेगांचे गुणोत्तर ४ ऐवजी २.८३ आले असते तर कोटी दीड ठरली असती. उत्तर पूर्णांकच आले पाहिजे अशी सक्ती या रीतीत नाही, आणि हाच तिचा मोठा गुण. हायड्रोजन व ब्रोमीन यांच्या अभिक्रियेत ब्रोमिनचा घातांक सुरुवातीला अर्धा असतो हे पुढे माक्स बोडेनश्टाइन यांच्या मोजणीतून निघाले. ते आधीच पूर्णांक गृहीत धरून कधीच हाती लागले नसते.

मात्र ही रीत मोजणीतील चुकांच्या बाबतीत निष्ठुर आहे. संहती फक्त दुप्पट केली आणि वेगांच्या गुणोत्तरात शेकडा ५ चूक झाली, तर कोटीत ०.०७ ची चूक येते. संहती दहापट केली तर तीच चूक ०.०२ वर येते. म्हणून दोन संहतींत शक्य तितके अंतर ठेवणे शहाणपणाचे. शिवाय सुरुवातीचे वेग वापरल्यास तयार झालेल्या पदार्थांचा अडथळा टळतो. व्हान्ट हॉफ यांनी दुय्यम अभिक्रियांच्या या अडथळ्याला ग्रंथात बरीच जागा दिली आहे. एकाच प्रयोगातील स्थिरांक सरकत गेला तर दोष कोटीचा नसून बाजूला चाललेल्या दुसऱ्या अभिक्रियेचा असू शकतो, हे त्यांनी ओळखले होते.

दोन वेगळे पदार्थ भाग घेत असतील तर प्रत्येकाची कोटी वेगळी काढावी लागते. त्यासाठी एक सोडून बाकी सर्व पदार्थ भरपूर जास्त घेतात; त्यांची संहती जवळपास बदलत नाही व उरलेल्या एकाचा परिणाम सुटा दिसतो. ही युक्ती ऑस्टवाल्ट यांच्या नावाने शिकवली जाते. व्हिल्हेल्मी यांच्या साखरेच्या द्रावणात हेच नकळत घडले होते, कारण पाणी इतके मुबलक होते की त्याचा घातांक दिसण्याचा प्रश्नच नव्हता.

अ‍ॅमस्टरडॅमच्या प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांनी अशा अनेक अभिक्रिया तपासल्या. गरम पाण्यात डायब्रोमोसक्सिनिक आम्ल मोडून ब्रोमोमॅलेइक आम्ल व हायड्रोजन ब्रोमाइड होतात. ही अभिक्रिया एकरेण्वीय ठरली. सोडियम क्लोरोअ‍ॅसिटेट व कॉस्टिक सोडा यांची अभिक्रिया द्विरेण्वीय ठरली. इथिल अ‍ॅसिटेटसारख्या एस्टरांच्या साबणीकरणावर रायखर यांनी काम केले. तीन वा अधिक घातांकाची उदाहरणे मात्र फारच थोडी सापडली. तीन रेणूंची एकाच क्षणी गाठ पडणे दुर्मीळ असते हे लक्षात घेता त्यात नवल नाही.

भांड्याच्या भिंती

सायॅनिक आम्लाच्या वाफेपासून घन सायॅमेलाइड तयार होण्याची अभिक्रिया अशी अपवादात्मक दिसली, पण तिने एक वेगळाच धडा दिला. भांड्याचा आतील पृष्ठभाग वाढवला की वेग वाढे, आणि भिंतींवर आधीच सायॅमेलाइडचा थर बसलेला असला तर आणखी वाढे. अभिक्रिया वायूत घडते असे समजून मोजलेला वेग प्रत्यक्षात अंशतः काचेवर घडणाऱ्या बदलाचा होता. व्हान्ट हॉफ यांनी भांड्याचा आकार, आकारमान व भिंतींचे स्वरूप यांचा परिणाम म्हणून स्वतंत्रपणे तपासला.

हीच शंका आर्सीनलाही लागू पडते. आर्सीन व फॉस्फीन यांचे विघटन मुख्यतः भांड्याच्या पृष्ठभागावर होते असे पुढील संशोधनातून दिसले. मोजलेली कोटी १ ही चुकीची ठरली नाही. पण तिच्यावरून एकेक रेणू वायूतच आपोआप मोडतो असा काढलेला अर्थ टिकला नाही. म्हणून आज कोटी व रेण्वीयता या दोन संज्ञा काटेकोरपणे वेगळ्या ठेवल्या जातात. कोटी ही मोजलेल्या आकड्यांतून मिळणारी गोष्ट आहे, तर रेण्वीयता ही अभिक्रियेच्या एखाद्या प्राथमिक पायरीविषयीचे अनुमान. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत यांची गल्लत आजही होते. व्हान्ट हॉफ यांच्या काळी तर हा भेद पूर्ण स्पष्ट झालेलाच नव्हता.

समतोल व तापमान

ग्रंथाचा दुसरा भाग रासायनिक समतोलाविषयी आहे. समतोल म्हणजे अभिक्रिया थांबणे नव्हे. उलटसुलट दोन्ही दिशांना ती समान वेगाने चालू असते. हे दाखवण्यासाठी बरोबरच्या चिन्हाऐवजी परस्परविरुद्ध दिशांचे दोन बाण लिहिण्याची पद्धत त्यांनी या ग्रंथात वापरली. समतोल स्थिरांक तापमानानुसार कसा बदलतो याचे समीकरण त्यांनी उष्मागतिकीच्या आधारे दिले. त्यात अभिक्रियेची उष्णता व केवल तापमानाचा वर्ग येतात. तापमान वाढवल्यास समतोल उष्णता शोषणाऱ्या दिशेने सरकतो, हा त्याचा सोपा अर्थ. ल शातलिए यांनी त्याच वर्षी हे तत्त्व दाब व इतर बदलांपर्यंत व्यापक केले.

वेग स्थिरांकासाठीही त्यांनी त्याच साच्याचे समीकरण सुचवले. दर १० अंशांच्या वाढीमागे अभिक्रियेचा वेग साधारण दुप्पट ते तिप्पट होतो, हा ठोकताळाही त्यांच्या नावावर आहे. १८८९ मध्ये स्वीडनचे स्वांते अऱ्हेनियस यांनी या समीकरणाला सक्रिय रेणूंच्या कल्पनेची जोड दिली आणि सूत्र अऱ्हेनियस यांच्या नावाने प्रसिद्ध झाले.

ग्रंथाचे स्वागत प्रथम थंडे होते. तो ना शुद्ध रसायनशास्त्राचा होता, ना भौतिकशास्त्राचा. त्याची किंमत लवकर ओळखणाऱ्यांत तरुण अऱ्हेनियस होते. १८९६ मध्ये एर्न्स्ट कोहेन यांच्या साहाय्याने सुधारलेली जर्मन आवृत्ती व तिचे इंग्रजी भाषांतर निघाले, तेव्हा विषय विद्यापीठांत स्थिरावला होता.

तर्षण दाब

पाणी जाऊ देणाऱ्या पण साखर अडवणाऱ्या पटलातून निर्माण होणाऱ्या दाबाची मोजणी वनस्पतिशास्त्रज्ञ व्हिल्हेल्म फेफर यांनी केली होती. सहकारी ह्यूगो द व्ह्रीस यांच्याकडून ती व्हान्ट हॉफ यांना कळली. तापमान एका अंशाने वाढले की हा दाब सुमारे १/२७० पटीने वाढतो, म्हणजे वायूच्या दाबाइतकाच, हे पाहताच द्रावणातील पदार्थ वायूसारखे वागतो ही कल्पना त्यांना सुचली. १८८५ ते १८८७ या काळात त्यांनी विरल द्रावणांना वायुसमीकरण लावून दाखवले. मीठ, आम्ले व अल्कली यांचा दाब मात्र अपेक्षेपेक्षा जास्त येई. त्यासाठी त्यांनी एक गुणक घातला, पण तो का लागतो याचे उत्तर त्यांच्याकडे नव्हते. ते १८८७ मध्ये अऱ्हेनियस यांनी दिले: अशा पदार्थांचे पाण्यात आयनांमध्ये विभाजन होते व कणांची संख्या वाढते. महाराष्ट्रात बारावीच्या रसायनशास्त्रात हा व्हान्ट हॉफ गुणक द्रावणांच्या प्रकरणात भेटतो आणि अभिक्रियेची कोटी रासायनिक गतिकीच्या प्रकरणात. दोन्ही एकाच माणसाच्या चार वर्षांतील कामातून आली आहेत हे क्वचितच सांगितले जाते.

१८८७ मध्येच ऑस्टवाल्ट व व्हान्ट हॉफ यांनी लाइपझिगहून भौतिकी रसायनशास्त्राचे जर्मन नियतकालिक सुरू केले. लाइपझिगचे निमंत्रण नाकारल्यावर अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठाने त्यांच्यासाठी नवी प्रयोगशाळा बांधली व ती १८९१ मध्ये सुरू झाली.

बर्लिन

अध्यापन व प्रशासनाच्या ओझ्याला कंटाळून १८९६ मध्ये ते बर्लिनला गेले. प्रशियाच्या विज्ञान अकादमीचे सदस्यत्व व विद्यापीठातील मानद प्राध्यापकपद अशी व्यवस्था होती. आठवड्याला एक व्याख्यान दिले की उरलेला वेळ संशोधनाला मोकळा. येथे त्यांनी व्हिल्हेल्म मायरहोफर यांच्यासह श्टासफुर्ट येथील क्षारांच्या थरांचा अभ्यास केला. प्राचीन समुद्राचे पाणी आटताना कोणते क्षार कोणत्या तापमानाला व कोणत्या क्रमाने बसतात, हे त्यांनी प्रयोगशाळेत समतोलाच्या नियमांनी उलगडले. हे थर पोटॅश खतांचा मोठा साठा असल्याने या कामाला व्यावहारिक महत्त्व होते. अखेरच्या वर्षांत त्यांनी विकरांच्या (एन्झाइमांच्या) संश्लेषणक्रियेवर काम सुरू केले होते. ते अपुरे राहिले.

१० डिसेंबर १९०१ रोजी स्टॉकहोम येथे त्यांना नोबेल पारितोषिक देण्यात आले. ते रासायनिक गतिकीचे नियम व द्रावणांतील तर्षण दाब यांसाठी होते. चतुष्फलकी कार्बनचा त्यात उल्लेख नव्हता. त्या कामासाठी ल बेल यांच्यासह रॉयल सोसायटीचे डेव्ही पदक त्यांना १८९३ मध्येच मिळाले होते. १९०१ मध्ये त्यांनी अमेरिकेचा दौरा करून शिकागो विद्यापीठात व्याख्याने दिली.

क्षयाने त्यांची प्रकृती ढासळत गेली व १ मार्च १९११ रोजी श्टेग्लिट्झ येथे, वयाच्या ५८ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. बर्लिनच्या डालेम दफनभूमीत त्यांच्या अस्थी आहेत. रॉटरडॅममध्ये त्यांचा पुतळा असून चंद्रावरील एका विवराला त्यांचे नाव देण्यात आले आहे. त्यांचे विस्तृत चरित्र शिष्य एर्न्स्ट कोहेन यांनी १९१२ मध्ये जर्मन भाषेत लिहिले. ज्यू असलेल्या कोहेन यांना १९४४ मध्ये नाझींनी ऑशविट्झ येथे ठार मारले.